भुरटीची हाळी

लग्नाच्या वयाची झाले तरी मला माझं नाव सांगता येत नव्हतं. ठाऊक होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. मी तोतरी. बाकीचे शब्द ठेचकाळत का होईना बाहेर पडायचे, नाव मात्र ओठांशी येऊन जे अडायचं ते अडायचंच. त्याचं पहिलं अक्षरच असं की ओठ मिटल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि माझे ओठ एकदा मिटले की उघडायला राजी नसत. शाळेत हजेरीला मी नुसता हात वर करायचे. कुणी नाव विचारलं की शेजारी जो असेल तो सांगून टाकायचा.

लोक वाईट नव्हते. माझी ओढाताण त्यांना बघवायची नाही, म्हणून घाईघाईनं माझ्या तोंडातला शब्द ते स्वतःच म्हणून मोकळे व्हायचे. त्यात सगळ्यांच्या पुढे माझी आई. मला बघायला पाहुणे आले आणि त्यातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं “काय नाव बाई तुझं?” म्हणून विचारलं, की मी श्वास घ्यायच्या आत दाराआडून आईचा आवाज यायचा. नाव, शिक्षण, शिवण येतं, पुरणपोळी येते, सगळं एका दमात. पाहुणे चहा पिऊन जायचे आणि चार दिवसांनी निरोप यायचा, “पोरगी चांगली हाय, पर मुकी हाय का काय?” आई तो निरोप ऐकून दिवसभर भांडी आपटायची. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, माझं नाव मला सांगू द्या. पण हे सांगायलाही बोलावंच लागतं, तिथं घोडं अडायचं.

आम्ही हळ्ळीखेडचे, हुमनाबाद तालुक्यातले, कन्नड-मराठी दोन्ही चालणाऱ्या मुलखातले. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी घरात मेंढरं होती. मी लहान असतानाच ती विकली आणि तूर-हरभऱ्यापुरती कोरडवाहू जमीन घेतली. अण्णा, माझा थोरला भाऊ, आयटीआय करून पुण्याला कंपनीत लागला. तेव्हा आमच्याकडे घरटी एक माणूस पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेला असायचा, त्यात नवल नव्हतं. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. एका दिवाळीला अण्णा जुना कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून बसच्या टपावरून घेऊन आला. बरोबर नेटचं ते बोटाएवढं यंत्र. घरात त्याला रेंज मिळेना, म्हणून अण्णानं ते लांब वायरीला जोडून आईच्या चहाच्या गाळणीत बसवलं आणि गाळणी खिडकीच्या गजाला बांधली. रेंज आली. आईला नवी गाळणी आणावी लागली, ते ती अजून काढते.

त्या कॉम्प्युटरवर अण्णाचा एक खेळ होता. ऑनलाइन. देशोदेशीचे लोक एकाच वेळी एका खोट्या मुलखात फिरायचे, तिथं डोंगर, किल्ले, भुताटकीची जंगलं. प्रत्येकानं एक रूप घ्यायचं. कोणी ढालवाला, कोणी जादूगार, कोणी जखमा बऱ्या करणारा वैद्य. लढत गेलं की बळ वाढायचं, त्याला लेव्हल म्हणायचे. अण्णानं एक चोरटी बाई तयार करून ठेवली होती. दोन हातांत दोन सुरे, अंगात कातडी जाकीट, चालली तर पाचोळा वाजायचा नाही. सावलीत शिरली की कोणाला दिसायची नाही. कुलपं उघडायची, जमिनीतले सापळे निकामी करायची, आणि मारायचं तर पाठीमागून. या जातीला इंग्रजीत ‘रोग’ म्हणतात, आणि तसं आमच्या घरात म्हटलं तर आई दवाखान्यात घेऊन गेली असती, म्हणून मी तिला भुरटी म्हणायला लागले.

“मला टाईम कुठला?” अण्णा म्हणाला. “तूच वाढव हिला. हितं बोलायचं कामच न्हाई. टाईप केलीस की झालं.”

त्यानं हे सहज म्हटलं, पण माझ्या काळजाला जाऊन भिडलं. बोलायचं काम नाही असा मुलूख आहे, आणि तिथं जायला पुण्याची बससुद्धा लागत नाही!

भुरटीला वाढवणं म्हणजे सोपं काम नव्हतं. ढालवाला सरळ जाऊन भिडतो, जादूगार लांबून आग फेकतो. भुरटीच्या अंगात बळ कमी, समोरासमोर गाठ पडली की ती मेलीच. म्हणून आधी बसून बघायचं. पहारेकरी कुठून कुठं जातो, कुठं वळतो, वळताना त्याची पाठ आपल्याकडं कधी येते. मग सरपटत जायचं. सुरुवातीला मी रानडुकरांच्या हातून मेले, आठ पायांच्या कोळ्यांच्या हातून मेले, एकदा तर माझ्याच लावलेल्या सापळ्यात पाय घालून मेले. दुपारी लाईट असली की मी बसायचे. अप्पा जेवण करून उंबऱ्यात दोरी वळत बसायचे आणि मधूनच पडद्याकडं बघायचे.

“पाठीमागून मारायलीस व्हय?” एकदा ते म्हणाले. “लांडगा बी असंच करतो.”

मी मान हलवली. अप्पा कमी बोलायचे, आणि माझ्या उत्तराची घाई त्यांना कधीच नसायची. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

भुरटी वाढत गेली तशी मला सोबत मिळाली. दुपारच्या वेळी खेळणारे लोक तसे थोडेच. हैदराबादच्या एक बाई होत्या, मुलं शाळेत गेली की खेळायला बसायच्या. त्या ढालवाल्या, आणि आमच्या म्होरक्या. मी त्यांना अक्का म्हणायचे. दुसरा रायपूरचा जादूगार, रात्रपाळीहून येऊन झोपायच्या आधी तासभर आग फेकणारा. तिसरे कोइमतूरचे एक निवृत्त गृहस्थ, आमचे वैद्य. त्यांचं इंग्रजी इतकं शुद्ध की मरतानासुद्धा ते ‘क्षमा असावी’ असं लिहायचे. या तिघांमध्ये मी काय बोलायचे, काय बोलायचे! टाईप करून अक्काशी भांडायचे, जादूगाराची टिंगल करायचे, वैद्यबुवांना येळवसाच्या सणाची, भाज्या-शेंगांची भज्जी कशी करतात ते सांगायचे. बोटांना तोतरेपण नसतं. मी मुळात भारी बडबडी आहे हे मला तिथं कळलं. माझ्यासाठी तो शोध भुरटीच्या सगळ्या लेव्हलींपेक्षा मोठा होता.

मग आमच्यापुढं एक खाण आली. तिच्या तळाशी एक राक्षस, आणि तळापर्यंत वळणावळणांची वाट. प्रत्येक वळणापलीकडं पहारेकरी असायचे, आणि दर खेपेला त्यांची जागा बदलायची. अशा ठिकाणी भुरटीचंच काम. तिनं लपून पुढं जायचं, बघायचं, आणि मागच्यांना सांगायचं की किती आहेत, कुठं आहेत. पण सांगायला मी टाईप करू लागले की हात सुटायचे, भुरटी सावलीतून बाहेर पडायची आणि पहारेकरी तिच्यावर तुटून पडायचे. वर मागचे लढता लढता माझं वाचणार कधी?

अक्कानं लिहिलं, “टाईप करते करते मरते हम लोगां. अब माईक पे बोलना पडता.”

जादूगार म्हणाला, बरोबर आहे, आणि हिला माईक जमत नसेल तर खाणीपुरता दुसरा कोणी भुरटा बघू. त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. पण मी पडद्यासमोर गारठून गेले. बोलायचं काम नाही म्हणून ज्या मुलखात आले, तिथंही शेवटी हाच दरवाजा! हे तिघं गेले तर मी पुन्हा दाराआडून आईचा आवाज ऐकणारी पोरगी होणार होते. म्हणून जमतं म्हणून टाकलं, आणि हुमनाबादच्या बाजारातून कानाला लावायचा माईक मागवला.

पहिल्या दिवशी भुरटी वळणाशी गेली. पलीकडं तीन पहारेकरी. मी तोंड उघडलं. “त्... त्... त्...” आणि पुढं काही नाही. त्यांना वाटलं, चला म्हणतेय. सगळे आत घुसले आणि सगळे मेले.

“तुम्हारा आवाज कट रहा है,” जादूगार म्हणाला. “नेट खराब है क्या?”

मी लगेच लिहिलं, हो, नेट खराब आहे. बुडत्याला काडीचा आधार. पुढं रोज तेच. मी अडले की नेट अडलं. ते तिघं इतके भले की माझं नेट सुधारायच्या मागं लागले. वैद्यबुवांनी वायर बदलायला सांगितली, अक्कानं यंत्र छपरावर ठेवायला सांगितलं, जादूगारानं तर आमच्या गाळणीचं ऐकून मोठ्या गाळणीचा सल्ला दिला. आईची दुसरीही गाळणी खिडकीला लटकली. नेट बिचारं आधीपासून ठणठणीत होतं.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तीत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचा नैवेद्य. मग घरातल्या माणसानं आंबिलीचं गाडगं घेऊन उभ्या पिकाभोवती फिरायचं, टहाळीनं आंबील शिंपडायची आणि हाळी द्यायची, “ओलगे, ओलगे!” तिचा अर्थ कन्नडात विचारा नाहीतर मराठीत, नीट कोणी सांगत नाही. मागून चालणाऱ्यांनी तीच ओ परत द्यायची. ओ आल्याशिवाय पुढच्यानं पाऊल उचलायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक.

ही हाळी अप्पांची. मेंढरांमागं फिरलेला गळा, तीन शेतं ओलांडून जायचा. पण त्या वर्षी त्यांचा घसा बसला होता. अण्णाला सुट्टी नव्हती. अप्पांनी गाडगं उचललं, माझ्या हातात दिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तू दे हाळी.”

आई घाबरली. “तिला कामून सांगायलाव? सगळी भावकी बघायली!”

“बघू दे की.”

शेजारच्या रानांतून माणसं खरंच बघत होती. पळून जावं म्हटलं तर हातात गाडगं. मी टहाळी आंबिलीत बुडवली, डोळे मिटले आणि पोटातून आवाज ओढला. आणि तो आला! अख्खा आला. कुठं न अडता, न तुटता ज्वारीवरून पार बांधापर्यंत गेला. मागून अप्पांची घोगरी ओ आली, आईची आली, चुलतभावंडांची आली. मी पुढं चालले, पुन्हा हाळी दिली, पुन्हा ओ आली. मला रडू आणि हसू बरोबरच फुटत होतं, आणि आंबील पिकापेक्षा माझ्याच अंगावर जास्त सांडत होती.

संध्याकाळी परत येताना मी तोच विचार करत होते. हाळी म्हणजे काही बोलणं नव्हे, ती लांबवत ओढायची असते, तिला एक ठेका असतो, हे तर खरंच. पण मला त्याहून वेगळंच काहीतरी जाणवलं होतं. हाळी कोणी मध्येच तोडत नाही. ती पुरती होईपर्यंत सगळं रान गप्प उभं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिघांना लिहिलं, “माझं नेट चांगलं आहे. मीच तोतरी आहे. बोलता येत नाही, पण हाळी देता येते. चालेल का?” पाठवलं, आणि पदराची गाठ दातात धरून बसले. जादूगाराचं उत्तर आलं, म्हणजे मी एवढे दिवस गाळणीला शिव्या घातल्या त्या फुकट? वैद्यबुवांनी लिहिलं, क्षमा असावी, आम्हाला कळायला हवं होतं. आणि अक्का माईकवर बोलली, “हौ, चलता ना. हल्लू हल्लू बोल. किधर जाना है हमकू?”

आम्ही खाणीत उतरलो. पहिलं वळण. मी येळवसाच्या सुरात हाळी दिली, “तीऽऽन हैंऽऽ, बाएँऽऽ बाजू!” स्पष्ट, खणखणीत. आणि मग सवयीनं जागच्या जागी उभी राहिले. मागून ओ यायची वाट बघत. ते तिघं माझी वाट बघत होते. मी त्यांची. सगळे आपले शहाण्यासारखे उभे. तेवढ्यात पहारेकरी फिरत फिरत आला आणि आम्ही चौघंही मेलो.

“चली कायकू नहीं मां?” अक्का ओरडली.

“ओ... ओ नहीं आई,” मी कशीबशी म्हणाले. “पीछे से ओ नहीं आई तो मैं कैसे जाऊँ?”

मग अक्का जी हसायला लागली ती तिच्या घरातली भांडी पडल्यासारखी. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, “तो हमना क्या बोलना, वो बता.”

मी सांगितलं. आणि त्या दुपारी त्या खाणीत, जिथं एरवी राक्षसांच्या डरकाळ्या असायच्या, तिथं हैदराबादहून, रायपूरहून आणि कोइमतूरहून ओलगेची ओ आली. वैद्यबुवांची तर इतकी सावकाश आणि आदरानं, की पांडवांनी दगडातून मान डोलवावी. मी हाळी द्यायची, तिन्ही ओ आल्या की भुरटी पुढच्या सावलीत शिरायची. वळणामागून वळण आम्ही उतरत गेलो. तळाला पोचलो, राक्षस पडला, आणि भुरटीच्या अंगाभोवती सोनेरी उजेड फिरला. लेव्हल वाढली की तो फिरायचा. मी टाळ्या वाजवल्या. उंबऱ्यातून अप्पांनी विचारलं, “पडला व्हय?”

“प... पडला!” मी म्हटलं.

मग अक्का म्हणाली, इतके दिवस झाले, एकमेकांची खरी नावं तरी सांगू या. तिनं तिचं सांगितलं. जादूगारानं सांगितलं. वैद्यबुवांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. आणि मग माझी पाळी. नावाची काही हाळी नसते. माझे ओठ मिटले आणि तसेच राहिले. घड्याळाचा काटा वाजत होता, गाळणी वाऱ्यानं गजावर टकटक करत होती, उंबऱ्यात अप्पांची दोरी थांबली होती. कानात तिघांचे श्वास येत होते. टाईप कर असं कोणी म्हटलं नाही. अमकं का, तमकं का, असं कोणी सुचवलं नाही. खाणीच्या वळणाशी जसे थांबायचे तसे ते थांबले. आणि ओठ उघडले. माझं नाव मी सांगितलं.

तिघांनी मिळून ओ दिली, “ओलगे!”

मी वळून बघितलं तर अप्पा पुन्हा दोरी वळायला लागले होते. मान खाली, जरा जास्तच खाली.

त्या तिघांना मी कधी पाहिलं नाही. खेळही पुढं बंद पडला, अक्काची मुलं मोठी झाली, आणि वैद्यबुवांचं एक दिवस येणं थांबलं. का थांबलं ते मला कळलं नाही, मी चांगलंच धरून चालते. तोतरेपण माझं अजूनही आहे, गेलेलं नाही. पण मी त्या तिघांची जन्माची ऋणी आहे, आणि जुना कॉम्प्युटर पोत्यातून आणणाऱ्या अण्णाची, आणि घसा बसलेल्या अप्पांची. तो घसा खरंच किती बसला होता, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

येळवसानंतर थोड्याच दिवसांनी संतपूरचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, त्याची आई आणि एक म्हातारे मामा. मी चहाचा ट्रे ठेवून पाटावर बसले. मामांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, “काय नाव बाई तुझं?”

माझे ओठ मिटले. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या, तिनं श्वास घेतलेला मला इथं ऐकू आला. तेवढ्यात अप्पा तिच्याकडं न बघताच म्हणाले, “थांब. ती सांगायलीय.”

आई थांबली. मामांच्या बशीतला चहा निवला. मुलाच्या आईनं पदर सारखा केला, पुन्हा केला. अप्पा माझ्याकडं बघत बसले होते, अगदी निवांत, येळवसाला बांधावर उभे असल्यासारखे. आणि मी नाव सांगितलं. अडखळत, पण माझं मी.

आणि एकदा तोंड उघडल्यावर मी कशाला थांबते? मी मुलाला विचारलं, तुम्ही काय करता, पगार वेळेवर होतो का, घरात पाण्याची सोय काय, आणि लग्नानंतर मी नोकरी केली तर चालेल का. प्रत्येक प्रश्नाला मला वेळ लागला, आणि प्रत्येक वेळी ते बिचारे बशी धरून बसून राहिले.

चार दिवसांनी निरोप आला. मधल्या माणसानं ओट्यावर उभं राहून तो जसाच्या तसा सांगितला, “पोरगी चांगली हाय, पर लई बोलती.”

आईनं तो दोनदा सांगायला लावला. मग ती आत गेली आणि भांडी आपटायच्या ऐवजी कढई चुलीवर ठेवली, गूळ फोडला, शेंगदाणे भाजले. स्थळ मोडलं म्हणून लाडू वाटणारं घर आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं.